आमच्या हॉल्टची तिकीटवाली

"काऊन, गाडी तुह्या बापाची आहे का?"

रेल्वे हॉल्टच्या तिकीट खिडकीतून हा प्रश्न रोज सकाळी यायचा. समोर सरपंच असो की गुरुजी, बाईंना फरक नव्हता. त्या कमिशनवर तिकिटं विकायच्या. विकायच्या कसल्या, विकायला बसायच्या. घेतंय कोण! गोंदियाला निघालेलं अख्खं गाव फलाटावर, आणि खिडकीपुढे एखादी म्हातारी.

कारण विचाराल तर आमच्याकडची भली भली माणसं छाती फुगवून सांगत, "आमच्या आज्याच्या बांधीतून रूळ गेले. आमाले तिकीट कायले?" आज्यानं धानाची बांधी, शेताचा एक तुकडा दिला, म्हणून नातवानं जन्मभर फुकट फिरायचं! वा रे खानदान!

बाई मग तिकिटं हातात घेऊन फलाटावर यायच्या. माझ्याकडे पास होता, म्हणून मी निर्धास्त गंमत बघायचो.

"बाई, उद्या घेतो ना."

"उद्या हॉल्ट राहील तवा घेजा!"

झालंही तसंच. विक्री नाही, हॉल्ट बंद होणार, असा कागद भिंतीवर लागला. मग काय, गावाचं रक्त खवळलं. समिती झाली, बॅनर झालं, बॅनरवर हात जोडलेले फोटो झाले. रेल्वेच्या साहेबाला निवेदन द्यायला मंडळी गोंदियाला निघाली. त्याच गाडीनं. बिनतिकीट.

"अध्यक्ष, हॉल्ट वाचवाले चालले ना? मंग आज तरी तिकीट घ्या," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज विनवणीचा होता.

"बाई, आंदोलनाले तिकीट लागते का?" अध्यक्ष म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

गोंदियाच्या फलाटावर तपासनिसानं अख्खी समिती धरली. निवेदन आधी त्यानंच वाचलं.

त्या संध्याकाळी बाई एकट्याच फलाट झाडत होत्या. "भाऊ, याच खिडकीवर पोरीले नर्स केलं. आता बसू कुठं?" मला फार वाईट वाटलं.

हॉल्टच्या शेवटच्या दिवशी गाव हार घेऊन लोटलं. आणि काय सांगू, खिडकीपुढे चक्क रांग! पुढे अध्यक्ष.

"एक तिकीट द्या बाई."

"कुठचं?"

"कुठचंही. जाऊन नाही राहिलो. आठवण म्हणून फ्रेम करतो."

बाई रांगेकडे बघत राहिल्या. एवढं कमिशन त्यांना कधी मिळालं नव्हतं. डोळे भरले होते, पण जीभ तीच होती.

"नाही भेटत. तिकीट गाडीत बसणाऱ्याले असते."

त्यांनी खिडकी लावली, पिशवी उचलली आणि पोरीकडे, अर्जुनी मोरगावला जाणाऱ्या गाडीत जाऊन बसल्या. गाडी हलली तसा त्यांचा हात बाहेर आला. हातात तिकीट होतं.

"पाहून घ्या बाप्पा, याले म्हणतात तिकीट!"

आता ती गाडी आमच्याकडे थांबत नाही. गाव रुळाशेजारी उभं राहून बघतं. फुकट.