कविताच्या आईने शिकवलेलं कीपिंग

मित्रांनो, आज माझ्याच मैदानावर मी विद्यार्थी झालो.

कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेत मी खेळ शिकवतो. आमच्या मुलींच्या संघाची विकेटकीपर आहे कविता. चेंडू आला की ती हात ताठ पुढे करायची आणि चेंडू ग्लोव्हजवर आपटून खाली पडायचा. काल तिचं बोट सुजलं.

आज सकाळी तिची आई थेट मैदानात आली. त्या बांधकामावर मजुरीला जातात.

"सर, पोरीचं खेळणं बंद करा. तिची तकलीफ पाहवत न्हाई."

"ताई, पाच मिनिटं बघा, मग न्या," मी म्हणालो.

कविताच्या हातून दोन चेंडू सुटले. आईला राहवलं नाही. त्या स्टंपांमागे गेल्या.

"अगं, हात असे ताठ काहून धरून राहिली? वीट झेलताना आमी हात तिच्यासंगं मागं नेतो."

त्यांनी लेकीचे हात धरून अलगद पोटाशी नेले. महिनाभर मी हेच सांगत होतो, पण मला असं दाखवता आलं नव्हतं.

पुढचा चेंडू ग्लोव्हजमध्ये अलगद बसला.

कविताने वळून विचारलं, "आई, तू दिवसभर असंच झेलतेस?"

"व्हय."

"ग्लोव्हज नसताना?"

आईने हसून आपले हात पुढे केले. कविताने ग्लोव्हज काढले आणि आईचे खरखरीत तळवे कितीतरी वेळ हातात धरून ठेवले.

जाताना ताई म्हणाल्या, "सर, उद्या बी घ्या तिला खेळायला."

तुम्ही तुमच्या आईचे हात शेवटचे नीट कधी पाहिले होते?