ठिणगीचं हसणं

स्टुडिओत तिला सगळे ठिणगी म्हणायचे. काम एकच, तिसऱ्या रांगेत बसायचं आणि सगळ्यांच्या आधी हसायचं. टीव्हीवर रात्री उशिरा लागणारा तो पुढाऱ्यांची टर उडवणारा कार्यक्रम आदल्या दिवशी दुपारीच चित्रित व्हायचा, आणि दुपारी जेवून आलेलं पब्लिक हसतंय कसलं डोंबल! त्यातून विनोद राजकारणावरचा असला की लोक आधी शेजाऱ्याचं तोंड बघतात. मग ठिणगी उचकी लागल्यासारखं 'हिक्' करायची, पाठोपाठ खदाखदा हसायची, आणि अख्खं सभागृह सुरू व्हायचं. नाटकी नव्हतं हो ते. लहानपणी ही रुसली की थोरला भाऊ मुद्दाम शब्दांची मोडतोड करायचा, तेव्हापासून ती अशीच हसायची.

त्या दिवशी मात्र खुर्ची तिला टोचत होती. ओढणीचं टोक पिळून पिळून तिनं त्याचा पार चोळामोळा केला होता. कारण तोच थोरला दादा. दादा नगरसेवक. नळांना गढूळ पाणी आलं, लोक खवळले, आणि पक्षातल्या शहाण्यांनी याला कॅमेऱ्यांपुढे ढकललं. घाबरला की दादाची जीभ खरोखरच घसरते. कागद हातात धरून तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मी आता माझं निधन वाचून दाखवतो." निवेदन म्हणायचं होतं बिचाऱ्याला! क्लिप घरोघरी पोचली.

"ते घराबाहेर पडत नाहीत गं," वहिनी फोनवर म्हणाली होती. "धड जेवतही नाहीत. रात्री तेवढा तुझा कार्यक्रम लावतात. तुझं 'हिक्' आलं की 'ऐक, आमची वाजली' म्हणतात."

आणि आज तीच क्लिप कार्यक्रमात! तालमीत ती बघताच ठिणगी उठली. ती फ्लोअर मॅनेजरकडे धावली.

"आज मला सोडा ना. बरं वाटत नाहीये."

"ताई, आजचा हुकमी विनोद तोच आहे. तुम्हीच नाही हसलात तर हसणार कोण?"

माझा सख्खा भाऊ आहे तो, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर या लोकांनी कॅमेरा तिच्यावरच रोखला असता. ती मुकाट्यानं जाऊन बसली.

क्लिप वाजली. निवेदकानं पडद्याकडे बघून हात जोडले. "सावकाश वाचा साहेब. घाई नाही."

विनोद फक्कड होता, मेला! हसू घशापर्यंत आलं. तिनं जीभ दाताखाली दाबली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. सभागृह चिडीचूप. मागे कुणीतरी खोकलं. निवेदकाचा पार पचका झाला. पुन्हा क्लिप, पुन्हा तेच वाक्य, आणि पुन्हा ती दगडासारखी गप्प.

नंतर मॅनेजर चिडला नाही, हेच वाईट. "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. "तुमचं हसणं आहे आमच्याकडे, मागच्या भागांतलं. आजच्या क्लिपवरही तेच लावू."

"अहो, पण ते माझं आहे!"

"रेकॉर्डिंग आमचं आहे ना, ताई."

घरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. फोन उचलायची, ठेवायची. सांगणार काय? ऐकू येईल ती मी, पण हसले ती मी नव्हे? कुणाचा विश्वास बसणार! कार्यक्रम लागून गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं दादाचं घर गाठलं.

दार दादानंच उघडलं. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"हसलीस की गं काल!"

"दादा, अरे ते..."

"ऐक तर. मी टीव्ही बंदच करणार होतो. सगळे परके हसणार, ते कुठे ऐकत बसू? तेवढ्यात तुझं 'हिक्' आलं. म्हटलं, ही तर मला लहानपणापासून हसते. घरचं कुणीतरी आहे तिथं. मग मलाच हसू फुटलं बघ. तुझ्या वहिनीला विचार, पोटभर जेवलो."

खरं सांगितलं तर हा पुन्हा घरात कोंडून घेणार.

"आज रात्रीही लावतो," दादा चपला घालत म्हणाला. "ऐकू येशील ना?"

"येईन की," ती म्हणाली. आणि मेलं ते खरंच होतं.