च्या-उंड्याला जेवण कोण म्हणतं?

लाटंबार्शात कुणी नवा कुत्रा आणणार असं कानावर आलं की सगुण त्याला तिठ्यावरच्या हॉटेलात गाठतो आणि म्हणतो, "आधी माझी फजिती ऐक, मग तुझी अक्कल चालव." तिथं बसणाऱ्यांना ती फजिती पाठ आहे. तरी सगळे खुर्च्या ओढून जवळ येतात, कारण स्वतःचीच सालं इतक्या चवीनं सोलणारा माणूस त्या गावात दुसरा नाही.

खाणी जोरात होत्या तेव्हा हा सगुण 'सगुणशेट' होता. दारात खनिज वाहणारा टिपर ट्रक, घरात तोंड दिसेल अशा गुळगुळीत फरश्या, आणि संध्याकाळी ओसरीवर जमणारा गोतावळा. ड्रायव्हर, सुपरवायझर, सुपरवायझरचे मेहुणे, मेहुण्यांचे दोस्त. शेटकडे गेलेला माणूस उपाशी परतत नाही अशी ख्याती होती. सगुणला वाटायचं ती आपल्या मोठेपणाची. "कसला मोठेपणा! माझ्या बायकोच्या सुंगटांच्या हुमणाची, त्या कोळंबीच्या कालवणाची होती ती," असं तो आता सांगतो.

एवढा थाट झाल्यावर दारात गावठी कुत्रं शोभेना. सगुणनं बेळगावहून रॉटवायलरचं पिल्लू आणलं. ते नाव गावाच्या जिभेवर काही बसेना, लोक त्याला 'रोटीवालो' म्हणू लागले. सगुणनं नाव ठेवलं टिपर, आणि ट्रकमध्ये खनिज भरावं तसं त्याच्यात भात, बांगडे, हाडं भरायला सुरुवात केली. कुत्र्याच्या बरगड्या दिसणं म्हणजे घराची अब्रू वेशीला टांगणं! बघता बघता टिपर गोऱ्ह्याएवढा झाला. चालायचाही झोकात. डावा पुढचा पाय जरा बाहेर फेकून, आणि तो पाय टेकला रे टेकला की मान वर उचलून. सगुण छाती फुगवून म्हणायचा, "चाल बघा, चाल! येणाऱ्या-जाणाऱ्याला मान हलवून नमस्कार करता तो." शेटचा कुत्रा म्हणून लोकही उलट नमस्कार करायचे. तो लंगडत होता हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आलं असतं तरी शेटला सांगायची छाती कुणाची?

मग खाणी बंद पडल्या. ट्रकवर ताडपत्री चढली. आधी सुपरवायझरचे मेहुणे यायचे बंद झाले, मग सुपरवायझर, शेवटी ज्यांना सगुणनं पोटाशी धरलं होतं ते ड्रायव्हरही. 'सगुणशेट'मधला शेट कधी गळून पडला ते कळलंसुद्धा नाही. त्याची बायको कमलाक्षी शाळेत शिकवायची. तिच्या पगारावर घर चालू लागलं आणि सगुण रिकाम्या ओसरीवर बसून राहिला. शेजारी टिपर. "दोन बेकार," कमलाक्षी शाळेला निघताना म्हणायची, "त्यातला एक निदान शेपटी तरी हलवतो."

एका सकाळी टिपरला उठताच येईना. गुळगुळीत फरशीवर पुढचे पाय फाकायचे, तो कण्हायचा आणि पुन्हा बसायचा. सगुणनं निदान केलं. रिकाम्या माणसाला निदान करायला काय लागतं? पुढच्या पायाला खाली जिथं वाक असतो तिथं बोट ठेवून तो म्हणाला, "गुडघा धरलाय." खोबरेल तेलात लसूण कढवून त्यानं तो गुडघा चोळायला घेतला. रोज सकाळ-संध्याकाळ चोळायचा, वर हळदीचा लेप, वर जुन्या लुंगीची पट्टी. घरभर लसणीचा वास. टिपर लेप चाटून टाकायचा, आणि सगुण म्हणायचा, "बघ, गुण येतोय."

शेवटी कमलाक्षीनंच पिकअप बोलावली आणि दोघांना डिचोलीला जनावरांच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टर सुमंगला बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. सगुणनं आल्या आल्या सांगून टाकलं, "गुडघ्याचं आहे." तिनं पट्टी सोडली, वास घेतला, आणि सगुण चोळायचा त्याच्या बरंच वर, छातीपाशी, सांध्यावर अंगठा दाबला. टिपर केकाटला.

"हे कोपर," ती म्हणाली.

"कुत्र्याला कोपर असतं?"

डॉक्टरनं फरशीकडे बोट दाखवलं. "तुम्ही जरा रांगा बघू."

"मी?"

"हो. हात टेकून रांगा."

सगुण दवाखान्याच्या फरशीवर चार पायांवर आला. बाहेर शेळी घेऊन बसलेली बाई दारात येऊन बघू लागली. "आता तुमच्या पुढच्या पायाला गुडघा कुठे आहे दाखवा," डॉक्टर म्हणाली. सगुणनं आपल्याच हाताकडे पाहिलं. खाली मनगट, वर कोपर. गुडघा पार मागे. इतके दिवस त्यानं चोळलं होतं ते टिपरचं मनगट! "त्याच्या मनगटाएवढं तंदुरुस्त मनगट सगळ्या गोव्यात नसेल," असं तो तिठ्यावर सांगतो तेव्हा लोक टाळ्या देतात. पण खरी मजा पुढे होती. त्याला उठता येईना. पोट मध्ये आलं. टेबलाचा पाय धरून तो कसाबसा उभा राहिला, तेवढ्यात शेजारी टिपरनंही उठायचा प्रयत्न केला आणि तो पुन्हा बसला. "तुमच्याही वजनाचं बघायला हवं," डॉक्टर म्हणाली, "पण ते माझ्या खात्यात येत नाही."

एक्स-रे काढला. कोपरातली हाडं जन्मापासूनच नीट बसलेली नव्हती. घासून घासून सांधा खराब झाला होता. लहानपणी आणला असता तर ऑपरेशनचा विचार केला असता, ती म्हणाली. आता झिजलेलं परत येत नाही.

"म्हणजे बरा होणार नाही?"

"बरा होणार नाही. पण सांभाळलंत तर बऱ्यापैकी चालेल."

"डॉक्टर, तुम्ही कोपराला गूळ नाही ना लावत?"

तिला हसू आलं. "गूळ आहे तो आजपासून बंदच करायचाय." मग तिनं बजावलं. गुळगुळीत फरशीवर चालवायचं नाही. उड्या नकोत, गाडीतून उचलून उतरवा. पट्टा धरून थोडं थोडं फिरवा, मोकाट धावणं नको. मी दिलेलीच गोळी, माणसांची एकही नाही. "आणि मुख्य म्हणजे वजन. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. नाहीतर दिवाळीपर्यंत हा उठायचा थांबेल. एवढ्या मोठ्या जनावराला रोज कोण उचलणार? मग तुम्ही मला शेवटच्या इंजेक्शनसाठी बोलवाल आणि मला यावं लागेल. जेवतो कितीदा?"

"दोनदा," सगुणनं सांगितलं. देवाशपथ खरं सांगितलं.

घरी येऊन त्यानं आपल्या लाडक्या फरश्यांवर तरटं अंथरली. ज्या फरश्या बघायला एके काळी पेडण्याहून पाहुणे आले होते, त्यांवर तांदळाची रिकामी पोती! कमलाक्षी म्हणाली, "बरं झालं, पुसायचा त्रास वाचला." टिपरचा भात निम्मा केला, वर उकडलेला दुधी. सगुण पट्टा धरून त्याला हळूहळू शेतातल्या मांगराच्या वळणापर्यंत नेऊन आणायचा. उतरताना पोटाशी धरून उतरवायचा. कसूर म्हणून केली नाही. आणि महिन्यानं डिचोलीला नेऊन वजन केलं तर काटा उलट थोडा पुढेच सरकलेला.

सगुणचं डोकं फिरलं. आधी त्यानं काट्याला दोष दिला, मग कमलाक्षीला. मग शेजारच्या जानकीच्या दारात जाऊन उभा राहिला. "माझ्या कुत्र्याक कायतरी खावक घालतंस तू!"

"मी?" जानकीनं सूप खाली ठेवलं. "तुझ्या कुत्र्याचा तोंड बघून माका भिया वाटता. घालूक जातंय कशाला? माझो हात काय माका जड झालो?"

टिपर आता उठताना तीन-तीनदा आपटायचा. मान खाली घालून उभा राहायचा, थरथरायचा. सगुण त्याच्या पोटाखाली टॉवेल घालून उचलायचा आणि दिवाळीला किती दिवस उरले ते मनात मोजायचा. हसणं-बिसणं सगळं संपलं होतं. 

एका रविवारी सकाळी डॉक्टर सुमंगला गावात कुणाची म्हैस बघायला आली होती, तशी सगुणकडेही डोकावली. सगुण ओसरीवर च्या पीत बसला होता. पायाशी टिपर. तेवढ्यात पाव विकणारा पोदेर भोंगा वाजवत सायकलवरून आला. सगुणनं उंडे घेतले, गरम पावाचा तुकडा मोडला, च्यात बुडवला, तोंडात टाकला. दुसरा तुकडा बुडवला, टिपरच्या तोंडात घातला. तिसरा आपल्या तोंडात, चौथा टिपरच्या. आणि हे सगळं चालू असताना डॉक्टरला सांगत होता, "शीत न् शीत मोजून देतो हो. पथ्य म्हणजे पथ्य. वजन कसं उतरत नाही, देवच जाणे!"

डॉक्टर बघत राहिली. "हे काय?"

"काय?"

"हातात."

"उंडो."

"कोण खातंय तो?"

सगुणनं हाताकडे पाहिलं, टिपरकडे पाहिलं. "अहो, ही च्या. च्या-उंड्याला जेवण कोण म्हणतं? जेवण म्हणजे भात."

"आणि चार वाजता?"

"तेव्हा पण च्याच. कधी केळ्याची भजी, कधी फणसाचे गरे. पण जेवण दोनदाच, विचारा हिला!"

कमलाक्षी दारात येऊन उभी होती. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला उंबरठ्यावर बसावं लागलं. डॉक्टरही हसली. सगुणनंही हसायला तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"घातलं नाही तर तो माझ्याजवळ कशाला बसेल?"

हसणं थांबलं. सगुण उंड्याचा तुकडा चुरत म्हणाला, "ही ओसरी भरलेली असायची, डॉक्टर. खाणं बंद झालं तशी सगळी गेली. एकजण परत आला नाही. हाच काय तो राहिलाय."

डॉक्टरनं वाकून टिपरच्या कोपरावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "तो बसेल की नाही ते मला ठाऊक नाही. पण असंच घालत राहिलात तर तो उठणार नाही, एवढं ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवसापासून पोदेराला दारात थांबू नको म्हणून सांगितलं. सगुणनं स्वतःचाही उंडा सोडला, कारण एकट्यानं खाणं त्याला जमणार नव्हतं. भोंगा वाजला की टिपर फाटकाकडे बघायचा, मग सगुणच्या हाताकडे. हात रिकामा दिसला की तो पायऱ्या उतरून, आपला दुखरा पाय ओढत, ताडपत्रीच्या ट्रकखाली जाऊन पडायचा. सगुण कोरी च्या पीत बसायचा. "गेला," एकदा तो कमलाक्षीला म्हणाला, "हाही गेला." ती बाजूला बसली, पण थट्टा करायचं तिच्यानं झालं नाही. तो रोज ट्रकखाली जाऊन पट्टा लावायचा, फिरवून आणायचा, गोळी द्यायचा. टिपर गोळी घ्यायचा आणि परत ट्रकखाली.

पावसाळा सरत आला. गणपतीची चवथ झाली. एक दिवस अंग पुसताना टिपरच्या बरगड्या सगुणच्या बोटांना लागल्या. आता तो पहिल्या झटक्यात उठायचा. लंगडणं राहिलंच, ते राहणारच होतं. डॉक्टरनं वजन केलं आणि इंजेक्शनचं नाव काढलं नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सगुण ओसरीच्या पायरीवर बसला होता. पोदेर भोंगा वाजवत न थांबता पुढे निघून गेला. ट्रकखालून टिपर उठला. फाटकाकडे गेला नाही. अंगण ओलांडून हळूहळू आला, एक एक करून पायऱ्या चढला, आणि सगुणच्या मांडीला पाठ टेकून बसला.

सगुणनं दोन्ही हात उघडून त्याच्यापुढे धरले. "काही नाही रे माझ्याजवळ," तो म्हणाला. "बघ, काहीच नाही."

टिपरनं दोन्ही हात हुंगले. मग हनुवटी त्यातल्या एकावर ठेवली आणि डोळे मिटले. आतून कमलाक्षीनं च्या निवते म्हणून हाक मारली, पण सगुण उठला नाही.