हिरव्या ठिपक्याखालच्या सहा ग्रंथी

“मशीनला परत शाईच दिसलीय,” मी हेलनला म्हणाले आणि रिपोर्टवर सही करायला माऊसकडे हात नेला.

हेलन आमची हेड ऑफ डिपार्टमेंट. मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे. बायोप्सीचा तुकडा काचेच्या स्लाइडवर येतो, तो मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते मी सांगते. पेशंट मला भेटत नाही. पण त्याचं पुढचं सगळं माझ्या दोन ओळींवर ठरतं.

त्या दिवशी प्रोस्टेटच्या बारा स्लाइड होत्या. फॉर्मवर लिहिलं होतं: वय एकसष्ट, वडील याच कॅन्सरने गेले. मी लिहिलं, कॅन्सर नाही. आमच्याकडे आधी स्वतःचं मत लिहायचं, मगच स्कॅन केलेल्या स्लाइडवरचं एआयचं मत उघडतं. उघडलं, तर नवव्या स्लाइडवर लाल चौकोन. त्याच्या मधोमध हिरवा ठिपका.

असे ठिपके आम्हीच देतो. शंका आली की काचेवर पेनने खूण करायची आणि परत येऊन बघायचं. स्कॅनआधी ते पुसायचे असतात. मागच्या महिन्यात असाच एक राहिलेला ठिपका मशीनने कॅन्सर ठरवला होता. आम्ही पोट धरून हसलो होतो.

“मग पुसून परत स्कॅन कर,” हेलन म्हणाली.

“अगं, उद्या सर्जनबरोबरच्या मीटिंगमध्ये या पेशंटचं नाव आहे. रिपोर्ट गेला की सर्जन त्याला मोकळा करेल.”

“पाच मिनिटांचं काम आहे.”

मी धुसफुसत लॅबमध्ये गेले. आमची सायंटिस्ट प्रज्ञा लेस्टरमध्ये जन्मलेली. मराठी घरात ऐकून शिकलेली.

“जय भीम, ताई. मूड का ऑफ?” तिने काच स्पिरिटने पुसली, स्कॅन केली. ठिपका गेला. लाल चौकोन जिथल्या तिथे.

“ताई, मशीन चुकला नाही.”

“चुकलं नाही,” मी तिचं व्याकरण सुधारलं.

“हा डॉट कोणाची होती?”

हिरवं पेन अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये माझ्या एकटीचं. मग आठवलं. खूण केली आणि ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. बोलून परतले ती थेट दहाव्या स्लाइडवर. शंका मलाच आली होती आणि मीच ती विसरले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेशंटचं नाव मीटिंगमधून आठवडाभर पुढे ढकललं आणि खास रंग मागवला. निरोगी ग्रंथीभोवती पेशींचं एक बाहेरचं अस्तर असतं, ते या रंगाने तपकिरी दिसतं. कॅन्सरमध्ये ते नसतं. स्लाइड आली. सगळ्या ग्रंथींना तपकिरी कडं होतं, फक्त ठिपक्याखालच्या सहांना नव्हतं.

कॅन्सर. पुढच्या तपासण्यांत तो प्रोस्टेटबाहेर गेलेला नाही हेही कळलं. वेळेत सापडला होता. मला रडूच आलं.

त्या मशीनचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्याला फोन येत नाही, भूक लागत नाही, नववी स्लाइड ते पहिलीइतक्याच निष्ठेने बघतं.

आमच्याकडे थोडक्यात टळलेल्या चुकीचाही फॉर्म भरतात. ‘चूक कोणी केली?’ तिथे माझं नाव टाकलं. ‘कोणाच्या लक्षात आली?’ तिथे एआय लिहिलं. सिस्टीम घेईना, स्टाफचंच नाव हवं म्हणे. शेवटी हेलनचं टाकलं. मशीन बरोबर होतं खरं, पण त्याला पाच मिनिटं तिने मिळवून दिली होती.