सर म्हणाले, अर्धा तास

ऑपरेशन चालू असताना पेशंट झोपलेला असतो, सर्जन कामात असतो आणि आम्ही भूल देणारे डोक्याशी स्टुलावर. डोळे मॉनिटरवर, कान मोकळे! मग थिएटरमधले किस्से साठणार कुणाकडे?

नव्वदनंतर विश्रामबागेतल्या आमच्या हॉस्पिटलात दुर्बीण आली. पोटाला छोटी भोकं पाडायची, एकातून कॅमेरा आत सोडायचा आणि टीव्हीत बघत पित्ताशय काढायचं. नाहीच जमलं तर सरळ पोट उघडायचं. कुणाचं जमेल, कुणाचं अवघड जाईल, हे आमचे सर्जन, म्हणजे सर, सोनोग्राफी बघून आधीच सांगायचे. फार खात्रीनं सांगायचे.

*

कॉलेजातली एक सडपातळ मुलगी होती. सर म्हणाले, "अर्धा तास. लोणी आहे लोणी!"

मी घरी फोन केला, "कुकर लावा, आलेच."

आत बघतो तर पित्ताशय आजूबाजूच्या सगळ्यांना मिठी मारून बसलेलं. पोट उघडावं लागलं. संध्याकाळी भात गरम करताना नवऱ्यानं शांतपणे विचारलं, "सरांचं घड्याळ कुठल्या कंपनीचं गं?"

*

मग हळदीचे एक व्यापारी आले. वजन भरपूर. सरांनी नातेवाइकांना बसवून सांगितलं, "लय अवघड आहे. तयारीत राहा." रक्ताच्या बाटल्या आणल्या, पुण्याहून जावई आला.

चहा यायच्या आत ऑपरेशन संपलं!

त्यांच्या बायकोचा विश्वास बसेना. म्हणाल्या, "एवढ्यात? अवो, सगळं गणगोत गोळा केलंय. अजून वाईच बघा की आत!"

*

साताऱ्याचे एक रिटायर्ड सुभेदार. सर समजावत होते, "दुर्बिणीनं नाही जमलं तर पोट उघडू."

"माघारीची ऑर्डर कोण देणार?"

"मीच."

सुभेदारांनी मान हलवली. "नाही साहेब. पुढे घुसलेल्याला मागं यायचं सुचत नाही. मॅडम, ऑर्डर तुम्ही द्यायची."

तेव्हापासून माघारीचं खातं माझ्याकडे आलं. पगारवाढ नाही.

*

एकदा मलाही भविष्य सांगायची हौस आली. "सर, ही केस सोपी जाणार बघा!"

पाचच मिनिटांत लाईट गेली. टीव्ही बंद, थिएटर काळंकुट्ट. जनरेटर सुरू होईपर्यंत सगळे जागच्या जागी. अंधारातून सरांचा आवाज आला.

"हे सोनोग्राफीत दिसलं नव्हतं."

*

आणि माणच्या हौसाबाई. मेंढरं राखणाऱ्या. कुत्र्यामेंढरांच्या संगतीत होते तशी पाण्याची मोठी गाठ त्यांच्या लिव्हरमध्ये झाली होती. पोट फाडलं तर कितीतरी महिने ओझं उचलायचं नाही, आणि कळप तर दिवाळी झाली की चाऱ्यासाठी निघणार. त्यांनी सरांना एवढंच विचारलं, "मोठं फाडलंसा तर मेंढरामागं जायाचं कुनी?"

लिव्हरवर दुर्बिणीनं काम सरांनी कधी केलं नव्हतं. गाठीतलं पाणी पोटात सांडलं तर बीपी धाडकन पडून पेशंट जाऊ शकतो. त्या दिवशी सर 'अर्धा तास' म्हणाले नाहीत. काय काय बिघडू शकतं ते बोटांवर मोजून सांगू लागले. रक्तस्राव, पित्त गळणं, पाणी सांडणं, पोट उघडणं. एक हात संपला, दुसरा सुरू झाला.

हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आवं डाक्टर, पानी प्या वाईच."

सकाळी सुरू केलं. मध्येच बीपी उतरायला लागलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी औषध दिलं आणि तोंड मिटून मॉनिटरकडे बघत राहिले. माघारीची ऑर्डर जिभेवर होती. मग आकडा एकेक पायरी वर चढला. सर परत टीव्हीकडे वळले.

दुपार टळली तेव्हा गाठ निघाली. पोटावर फक्त चार भोकं! सर भिंतीला पाठ लावून, टोपी हातात घेऊन उभे राहिले. तोंड पांढरं पडलेलं.

मी हौसाबाईंचा गाल थोपटला. "मावशी, डोळे उघडा. कसं वाटतंय? दुखतंय का?"

त्यांनी डोळे किलकिले केले. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे भिंतीकडे.

"माझं ऱ्हाऊ दे बाई," त्या म्हणाल्या. "आदी त्या डाक्टराला कायतरी खायाला घाला."