आईने गाडी थांबवली

मी आईला प्रवासात पोटभर पाणी पिताना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. त्याआधी आम्ही काही कमी प्रवास केला नव्हता. दर उन्हाळ्यात दिल्लीहून पुण्याला रेल्वेने जायचो. बाबा मोठ्या स्टेशनांवर उतरून बाटल्या भरून आणायचे, आम्ही भावंडं घटाघटा प्यायचो आणि आई फक्त ओठ ओले करून बाटली परत द्यायची. विचारलं तर म्हणायची, "तहान नाही मला." मे महिन्यात, राजस्थानच्या उन्हात डबा नुसता भाजून निघत असताना, हिला म्हणे तहान नाही!

खरं कारण मला फार उशिरा कळलं. आई दिल्लीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. शिक्षिकांच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली ऑफिसात, कारकुनाच्या टेबलामागच्या खिळ्याला. ऑफिसात कायम चार पुरुष बसलेले. त्यांच्यासमोर जाऊन किल्ली मागायची म्हणजे आपल्याला कुठे जायचंय हे गावभर सांगण्यासारखंच. आईला ते कधी जमलं नाही, तिच्याबरोबरच्या बाकीच्या बायकांनाही नाही. त्यांनी सगळ्यांनी मिळून एक उपाय काढला होता, तो म्हणजे घरी परतेपर्यंत पाणीच प्यायचं नाही. सगळी नोकरी आईने अशी काढली. पुढे निवृत्त झाली, किल्ली सुटली, पण सवय काही सुटली नाही.

त्याचा हिशेब मूत्रपिंडाने मांडलाच. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात अशी कळ आली की ती बाई, जिने बाळंतपणातसुद्धा आवाज केला नव्हता म्हणतात, ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवी झाली. ऑपरेशन करून मोठे खडे काढले. एक बारीक खडा डाव्या बाजूला राहिला. भरपूर पाणी प्यायली तर तो तिथे गुमान बसेल, असं डॉक्टर म्हणाले.

आणि अशा वेळी आईने व्हिएतनामचं काढलं.

त्याचंही कारण भूगोलच. समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे डोंगर तिने वर्षानुवर्षं फळ्यावर काढले होते. मी तिला नकाशा न बघता आख्खा आशिया खंड खडूने काढताना पाहिलंय, किनारा कुठे आत वळतो आणि कुठे बाहेर येतो ते तिच्या हातातच होतं. पण देशाबाहेर तिने पाऊल टाकलं नव्हतं. बाबा गेले, त्यानंतर एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "शिकवलं सगळं, पाहिलं काहीच नाही. ते डोंगर एकदा बघून यायचेत मला." आईने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. मी त्याच आठवड्यात खात्याकडे परदेशी जायच्या परवानगीचा अर्ज टाकला. बाबांना दिल्लीत ज्या आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर होतं, तिथेच आता माझ्या सरकारी नोकरीमुळे मला मिळालंय, आणि आई माझ्याकडे, लेकीकडे राहते. हे सांगायची काही गरज नव्हती, पण मला त्याचा अभिमान आहे, म्हणून सांगितलं.

आई नवा पासपोर्ट घेऊनच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मात्र पासपोर्टकडे न बघता आईकडे पाहिलं. "माताजी, वहाँ गर्मी है, उमस है. पानी नहीं पिया तो ये छोटा पत्थर वहीं उतरेगा. फिर पहाड़ नहीं, अस्पताल देखेंगी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, दोन महिन्यांनी तपासणी करू, पाण्याची सवय लागलेली दिसली तरच जा. नाही तर मी स्वतः नको म्हणेन.

म्हणजे सगळं एका बाटलीवर येऊन ठेपलं.

बाकीची तयारी मी झपाट्याने केली. गोळ्या दोन ठिकाणी विभागल्या, एक वाटा हातातल्या पिशवीत. डॉक्टरांची चिठ्ठी, साखर-मिठाच्या पुड्या, डासांचं मलम, पायांचे घट्ट मोजे. विम्याचा एजंट घरी आला. खड्याचा विषय निघाल्यावर म्हणाला, "मॅडम, ये लिखने की क्या ज़रूरत है, छोटी सी चीज़ है." आईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "भैया, उसी के लिए तो बीमा ले रही हूँ. लिखिए." तो गेल्यावर मला म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?" एजंटाला बोलायला ही एवढी धीट, आणि शाळेत किल्ली मागायला हिची जीभ रेटली नव्हती.

मी रंगीत तालीम ठरवली. रोज संध्याकाळी घरून एक पेला पाणी पिऊन निघायचं, बाटली बरोबर घ्यायची, कुठे तरी लांब जायचं आणि टॉयलेट कुठे आहे ते आईने स्वतः विचारायचं. मी विचारायचं नाही. पहिल्या दिवशी सरोजिनी नगरच्या बाजारात गेलो. तासाभरात आईची चुळबुळ सुरू झाली. एका गाउनच्या दुकानासमोर ती उभी राहिली, गाउन उलटेपालटे केले, भाव विचारला, नको असलेला रंग मागितला आणि शेवटी कुजबुजली, "भैया, वो... इधर लेडीज़ के लिए... कुछ है क्या?"

"है ना आंटी, सब लेडीज़ का ही है!" म्हणत त्याने आणखी दहा गाउन तिच्यापुढे टाकले.

मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. रिक्षाने तडक घरी आलो. दारातच मी म्हटलं, "त्या एजंटाला काय सांगत होतीस? आता भांडं कुणी लपवलं?"

"हे बघ, माझी शाळा घेऊ नकोस," आई बाथरूमकडे जाता जाता म्हणाली. "मी जन्मभर दुसऱ्यांची घेतलीय."

मी भांडकुदळ आहे असं घरचे म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. पण माझं भांडकुदळपण आलंय कुठून, हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी आईने भरलेली बाटली घेतली आणि बाल्कनीतल्या मनीप्लांटला घातली. तिसऱ्या दिवशीही तेच. मी ते पकडलं तेव्हा आमचं असं वाजलं की खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला. मी म्हटलं, "जायचंय का नाही तुला? का फळ्यावरचेच डोंगर पुरे?" पदराने डोळे टिपायची तिची पद्धत नाही, ती खुर्ची सरकवून बसते. तशी बसली आणि म्हणाली, "तुला काय वाटतं, मला तहान लागत नव्हती? लागायची. सहाव्या तासाला तर मुलांना नद्या शिकवताना माझी जीभ टाळूला चिकटायची."

माझा राग तिथल्या तिथे उतरला. ज्या बाईने तहानेल्या तोंडाने गंगा-गोदावरी शिकवल्या, तिच्यावर मी कसली ओरडतेय, असं झालं मला.

त्यानंतर मी गप्प बसले आणि आईने कामाला हात घातला. तिने तिच्या पद्धतीने घातला, म्हणजे धड्यासारखा. पहिल्यांदा बायकांनाच विचारायचं. मग पुरुषांना, पण वयस्कर. मग कुणालाही. मेट्रो स्टेशनवरच्या पोरसवदा गार्ड मुलीला तिने विचारलं, तिने हात करून दाखवलं आणि आकाश काही कोसळलं नाही. मुनिरकाच्या बाजारात एका ज्यूसवाल्याला विचारलं. एक दिवस ती एकटीच कुठे तरी जाऊन आली आणि चप्पल काढता काढता मला म्हणाली, "आज पोस्टात विचारलं. लाइनमधे. सगळे पुरुष होते." एवढंच बोलून ती पोळ्या लाटायला गेली. त्या दिवशी मी तिच्या आवडीचा खरवस शोधत अर्धी दिल्ली फिरले, आणि नाही मिळाला म्हणून रसमलाई आणली.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "बिल्कुल जाइए." मोबाइलवरून आईने त्या देशाच्या भाषेतलं एकच वाक्य पाठ केलं, टॉयलेट कुठे आहे एवढंच. मी म्हटलं, फोनच बोलेल की. ती म्हणाली, "फोनची बॅटरी संपली म्हणजे?"

विमानात ती मधल्या वाटेलगतच्या सीटवर बसली, ठरल्याप्रमाणे पाणी प्यायली आणि ठरल्याप्रमाणे उठली. पण खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी होती. शहरातून, ते डोंगर जिथे आहेत त्या खाडीकडे जायला मोठी बस होती. बसमध्ये निम्मे लोक आपल्याकडचेच, नोएडा, फरीदाबाद, गाझियाबादचे. गाइड एक हसरा तरुण मुलगा. उकाडा असा की काचांना आतून घाम आला होता. वाटेत एका ठिकाणी बस थांबली, तिथून निघालो, आईने ठरल्याप्रमाणे अर्धी बाटली संपवली आणि पुढे रस्त्याचं काम चाललेलं, त्यात अडकलो. गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

आमच्या पुढच्या सीटवर नोएडाच्या एक बाई होत्या, आईच्याच वयाच्या. चेहरा लालबुंद झालेला. त्यांचा नवरा बाटली पुढे करत होता आणि त्या ती मागे ढकलत होत्या. "नहीं जी, रास्ते में फिर दिक्कत होती है." आईने ते ऐकलं. मी आईकडे पाहिलं. तिने सीटचा दांडा घट्ट धरला होता आणि ओठ मिटले होते. ते मिटलेले ओठ मी रेल्वेच्या डब्यात लहानपणापासून पाहिले होते. एवढं सगळं करून आता ही धरून बसणार, आणि समुद्र तासाभरावर आलेला असताना आम्ही हॉस्पिटल शोधत फिरणार. मी गाइडला सांगायला उठू लागले.

आईने माझ्या दंडावर हात ठेवला. "तू बस."

आणि ती उठली. चालत्या बसमध्ये सीटला धरून ती ताठ उभी राहिली आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या तिच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "बेटा, गाड़ी रोको. मुझे टॉयलेट जाना है."

मागे पत्ते खेळणारे पुरुष थांबले. सगळी बस वळून बघायला लागली. गाइडला त्यातलं 'टॉयलेट' तेवढं कळलं, तो इंग्रजीत अजिजीने म्हणाला, थोडंच राहिलंय मॅडम, पुढे चांगली जागा आहे. आईने मान हलवली. "नहीं. अभी." आणि मग तिने त्याच्या भाषेतलं ते पाठ केलेलं वाक्य म्हटलं. चुकलं असेल, बरोबर असेल, मला काय कळणार. पण त्या मुलाचा चेहरा उजळला, तो ड्रायव्हरशी काही तरी बोलला आणि बस एका पेट्रोलपंपावर वळली.

आई उतरली. तिच्या मागे नोएडाच्या बाई उतरल्या. मग फरीदाबादच्या दोघी जावा. मग एक सासू, तिची सून, आणि बघता बघता माझ्याशिवाय बसमधल्या एकूण एक बायका खाली. भर उन्हात पंपावर लांब रांग लागली आणि रांगेच्या तोंडाशी माझी आई उभी होती, पर्स काखेत धरून. मला इतका अभिमान वाटला की नाकाच्या शेंड्यापर्यंत झोंबला. किल्लीचा तो खिळा, ते ऑफिस, ते चार पुरुष, सगळ्यांना तिथे आणून उभं करावं आणि म्हणावं, बघा.

बस निघाली तेव्हा आईने स्वतःची बाटली पुढच्या सीटवर दिली. "लीजिए बहनजी, अब आराम से पीजिए. गाड़ी फिर रुकेगी." बाई खरंच प्यायल्या, डोळे मिटून.

मग आई माझ्याकडे वळली. माझ्या मांडीवर माझी बाटली होती, सकाळी हॉटेलमधून घेतलेली. तिने ती उचलली, उजेडात धरली आणि झाकण फिरवलं. सील कट्कन तुटलं.

"आणि तुझं काय?" ती म्हणाली.

तिला दोन महिने शिकवणारी मी. ऑफिसात माझ्या टेबलावरची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी येते, हेही मला तेव्हाच दिसलं. आमच्याकडे कुलूप नाही, किल्ली नाही, तरीही.

"पी," आई म्हणाली.

मी प्यायले. सगळी. त्यानंतर समुद्र दिसायला लागला, आणि दूर, धुरकट, तिच्या फळ्यावरचे डोंगर. आई काचेला नाक लावून बसली होती, आणि मला मात्र आता जायचं होतं. थोडा वेळ मी इकडेतिकडे पाहिलं. मग उठले.

"भैया, गाड़ी रोकिए. टॉयलेट जाना है."

आईने चारचौघांत माझं कौतुक कधी केलं नाही. पोर हवेत जाईल, म्हणायची. शाळेत नंबर आला तेव्हा नाही, ही नोकरी लागली तेव्हा नाही. मी वाटेतून पुढे निघाले, तेव्हा मागून तिचा आवाज आला. नोएडाच्या बाईंना सांगत होती, पण ऐकू सगळ्या बसला गेलं.

"मेरी बेटी है."