नवरामुलगा पाहावा तसा उमेदवार पाहिला

चहा ओता आधी. मी आयुष्यभर दुसऱ्यांना उल्लू बनवलं, पण एकदा असा तोंडावर पडलो की अजून शेणव्याच्या बाजारात गेलो तर लोक हसतात. तोच किस्सा ऐका.

लोकल बोर्डाची निवडणूक होती, इंग्रजी राज्यातली. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. जो सरकारला पुरेसा शेतसारा भरी, त्यालाच. उंबरमाळीकडच्या आमच्या पाड्यात असं घर एकच, आमचं. आणि पाड्याला हवा होता ओहोळावर साकव, पायी जाण्यापुरता पूल. मागल्या पावसात शेजारच्या काशीला बाळंतपणाला डोलीतून नेताना चार गडी छातीइतक्या पाण्यात होते. बाळ बचावलं, पण पाड्यानं धसका घेतला.

म्हणून म्हाताऱ्यांनी मला देवळात नेलं. "भिकाजी, वाघजाईच्या पायावर हात ठेव. नीट चौकशी केल्याबिगर मत टाकनार नाय, म्हन."

ठेवला हात. देवीच्या बाबतीत मी थट्टा करत नाही. बाकी सगळ्यांची करतो.

उमेदवार दोन. शेणव्याचे गोविंदअण्णा आणि किन्हवलीकडचे दाजीबा. आता माणसाची चौकशी कशी करतात? आम्हाला एकच रीत ठाऊक, सोयरीक जुळवायची. दोघांचे मुलगे लग्नाचे होते. म्हटलं, मुलीसाठी स्थळ बघायला आलोय असं सांगू, की विहिरीवरच्या बायका घरादाराचं सगळं ओकतील.

शेणव्यात विचारलं, "अण्णांचं घर कसं हाय गो?"

"देवमानूस," विहिरीवरची म्हातारी म्हणाली.

किन्हवलीला विचारलं, "दाजीबा कसा मानूस हाय?"

"सोन्यासारका," विहिरीवरच्या पाचही जणी एका सुरात म्हणाल्या.

न्हाव्याला विचारलं, गुराख्याला विचारलं. दोन्हीकडे नुसतं सोनं. परतताना एका गाडीवानानं सांगितलं, "अवो, जुळत्या सोयरिकीत खोट काडली तर पाप लागतं. कोन सांगल तुमाला खरं?"

आता हे मला ठाऊक नव्हतं का? मी स्वतः तीन दारुड्यांची लग्नं असंच गोड बोलून जुळवली होती.

मग गुरवाकडून कौल लावला. देवीच्या उजव्या डाव्या अंगाला एकेक कळी चिकटवली. उजवी पडली तर अण्णा, डावी पडली तर दाजीबा. दोन्ही एकदमच पडल्या. गुरव म्हणाला, "देवी म्हनते, तुजं काम माज्यावर ढकलू नको."

चार दिवसांनी सकाळी दारात दोन बैलगाड्या. एकीत अण्णा, एकीत दाजीबा, दोघांच्या डोक्याला फेटे. मुलगी बघायला. चौकशी करताना गावाचं नाव मी खरं सांगून बसलो होतो ना. आणि माझ्या घरात चार मुलगे आणि एक म्हैस.

बायको पडवीत आली, पाहुण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अवो, कोनची पोर दाकवताय? मला तरी कळू द्या, मी कदी जनली ती."

लपवायला जागाच उरली नाही. देवळातल्या शपथेपासून सगळं सांगून टाकलं.

दाजीबा ताडकन उठला. "माजी चौकशी? चार झोपड्यांचा पाडा, आनि मला पारकतो? साकव मागताय? पवायला शिका." गाडी जुंपली नि गेला.

अण्णा मात्र पोट धरून हसत होते. "व्याही," मला म्हणाले, "पोर नाय तर नाय, भाकर तरी हाय का? आनि तो ओहोळ दाकवा मला."

जेवले, धोतर खोचून ओहोळात उतरले, काठीनं पाणी मोजलं. झाली की नाही चौकशी पुरी? मी वाघजाईला मनातल्या मनात हात जोडले.

मतदानाच्या दिवशी आंघोळ करून, कपाळाला देवीचा अंगारा लावून शहापूर गाठलं. कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं. "इथे तुकाराम धर्मा आहे. तू कोण?"

"त्यांचा मुलगा."

"मग वडिलांना पाठव."

"ते तीन वर्सांमागं वारले."

"आणि जमीन अजून त्यांच्याच नावावर? तलाठ्याकडे वारसाची नोंद केली नाहीस? मग मत त्यांचं, तुझं नाही."

बघा, दोन गावं पालथी घातली, देवीला कौल लावला, आणि घरचा कागद बघितला नाही. बाहेर अण्णा भेटले. त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळावरचा अंगारा बघितला नि म्हणाले, "म्हंजे व्याही, तुमच्याकडं पोर पन नव्हती, आनि मत पन नव्हतं."

नशीब, अण्णा माझ्या मतावाचून निवडून आले. दोन वर्षांनी साकव झाला. काशी त्या मुलाला कडेवर घेऊन उभी, सगळा पाडा जमलेला. नारळ कोणी फोडायचा, असा प्रश्न निघाला.

"व्याह्यांनी," अण्णा म्हणाले. "पन आदी त्यांच्या हातात नारळ हाय का, ते बगून घ्या."